एकापेक्षा अधिक मेटल डिटेक्टर बाळगणे : बेळगाव सीमाभागातील शोधकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी आणि निपाणी या भागांतून मेटल डिटेक्टरविषयी जी विचारणा माझ्याकडे होत असते, तिच्यातील बहुतेक प्रश्न एकाच मुद्द्यापाशी येऊन थांबतात : एक यंत्र घरात आहे, आता दुसरे घ्यावे काय? माझ्याकडे आज चार यंत्रे आहेत. त्यांपैकी दोन मी विचार करून घेतली, एक गरजेपोटी घेतले आणि एक चुकीने घेतले. त्या अनुभवावरून ही उत्तरे लिहिली आहेत.

एक चांगले यंत्र असताना दुसऱ्याची गरज का भासावी?

कोणतेही एक यंत्र सर्व प्रकारच्या मातीत, सर्व आकारांच्या वस्तूंसाठी आणि पाण्यातही सारखेच काम देऊ शकत नाही, म्हणून. यंत्राच्या कॉइलमधून, म्हणजे दांडीच्या टोकाशी असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, धातूच्या वस्तूत भोवरा प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विद्युत प्रवाह, निर्माण होतात आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र कॉइलपर्यंत परत येते. परत आलेल्या या संकेताची तीव्रता वस्तूचा आकार, तिची वाहकता, तिची खोली आणि भोवतालची माती यांवर अवलंबून असते. जी फ्रिक्वेन्सी, म्हणजे क्षेत्र बदलण्याची जी कंपनसंख्या, जाड तांब्याच्या नाण्यासाठी उत्तम ठरते, ती बारीक सोन्याच्या मण्यासाठी निरुपयोगी ठरू शकते.

तरीही दुसरे यंत्र घेण्यापूर्वी मी प्रत्येकाला एक गोष्ट करावयास सांगतो. त्या यंत्राचे काम एका वाक्यात वहीत लिहून पाहावे. ‘पहिल्या यंत्राने जे होत नाही असे अमुक काम मला करावयाचे आहे’ असे वाक्य लिहिता आले, तरच पैसे काढावेत. ‘ते नवीन आहे’ किंवा ‘ते अधिक खोल पाहते असे ऐकले’ ही वाक्ये या कसोटीस उतरत नाहीत.

मग सर्वांत आधी कोणते दुसरे यंत्र घ्यावे?

पिनपॉइंटर. हातात मावणारे, गाजराएवढे हे छोटे साधन खड्ड्याच्या आत घालून वस्तू नेमकी कोणत्या बाजूस आहे हे दाखवते. ते नसेल तर माणूस मोठ्या यंत्राचा आवाज ऐकून वीतभर रुंद खड्डा खणतो, आणि कुदळीच्या पहिल्याच घावात अंगठी वाकते. पिनपॉइंटरनंतर मी पहिल्याच यंत्रासाठी दुसरी, लहान कॉइल घेण्यास सांगेन. नेहमीची कॉइल सुमारे २८ सेंटीमीटर व्यासाची असते. पंधरा सेंटीमीटरच्या आसपासची लहान कॉइल उसाच्या बुडख्यांमधून आणि कुंपणाच्या कडेने सहज फिरते, आणि खिळ्यांच्या गर्दीत एकेक वस्तू वेगळी ऐकवते. अनेकांची दुसऱ्या यंत्राची गरज येथेच भागते.

सिंगल फ्रिक्वेन्सी, मल्टी फ्रिक्वेन्सी आणि पल्स इंडक्शन यांत नेमका फरक काय?

सिंगल फ्रिक्वेन्सीचे यंत्र एकाच कंपनसंख्येवर काम करते. साधारण वापराच्या यंत्रांत ती ५ ते २० किलोहर्ट्झच्या दरम्यान असते, तर खास बारीक सोन्यासाठी बनवलेल्या यंत्रांत ४५ किलोहर्ट्झ किंवा त्याहूनही अधिक असते. कमी फ्रिक्वेन्सी जाड, उत्तम वाहक वस्तूंना, म्हणजे चांदीचा रुपया किंवा तांब्याचा ढब्बू पैसा यांना मानवते, आणि अधिक फ्रिक्वेन्सी पातळ व बारीक वस्तूंना. मल्टी फ्रिक्वेन्सीचे यंत्र अनेक कंपनसंख्या एकत्र वापरून मातीचा संकेत आणि वस्तूचा संकेत अधिक चांगल्या रीतीने वेगळे करते. एकच यंत्र घ्यावयाचे असेल तर आजच्या घडीला मी हाच प्रकार सुचवीन.

पल्स इंडक्शनची पद्धत निराळी आहे. ते यंत्र क्षणभर जोराचा प्रवाह सोडून बंद करते आणि नंतर उरलेला संकेत किती वेगाने विझतो हे मोजते. खारट वाळू आणि खनिजयुक्त जमीन त्याला फारशी अडवत नाही. पण लोखंड आणि सोने यांतला भेद ते भरवशाने सांगत नाही, त्यामुळे खिळे, पत्रे आणि फाळाचे तुकडे यांनी भरलेल्या आपल्या गावठाणात ते घेऊन गेलेला माणूस दिवसभर लोखंडच वेचत बसतो.

आपल्याकडील माती यंत्रांना खरोखरच त्रास देते का?

देते, आणि एकाच जिल्ह्यात दोन निराळ्या रीतींनी देते. बेळगाव शहराच्या भोवती आणि पश्चिमेस खानापूरकडे जांभा दगडाची तांबडी जमीन आहे. हा दगड लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेला असल्यामुळे यंत्राला सगळी जमीनच धातूसारखी भासू लागते. उत्तरेकडे, कृष्णेच्या बाजूस, बेसॉल्टपासून बनलेली काळी कसदार जमीन आहे. तिच्यातही चुंबकीय खनिजे असतात, तरी ग्राउंड बॅलन्स नीट केला तर ती पुष्कळ अंशी शांत होते. ग्राउंड बॅलन्स म्हणजे कॉइल जमिनीवर वरखाली हलवून ‘ही माती आहे, हिच्याकडे दुर्लक्ष कर’ असे यंत्राला शिकवणे होय. निपाणीच्या शेतात केलेला बॅलन्स घेऊन खानापूरच्या माळावर उभे राहिल्यास यंत्र सतत कुरकुरते, म्हणून प्रत्येक ठिकाणी तो नव्याने करावा लागतो, आणि जांभ्याच्या जमिनीत तर एकाच शेतात दोन-तीनदाही करावा लागतो.

येथे खानापूरची एक खास अडचण सांगणे आवश्यक आहे. तेथील चिकणमातीमुळे कौले, विटा आणि मडकी यांचा व्यवसाय पूर्वापार चालत आला आहे, आणि भाजलेल्या मातीत चुंबकत्व उतरत असल्यामुळे कौलाचा जाड तुकडा किंवा भट्टीतली काळवंडलेली वीट यंत्राला हुबेहूब धातूसारखी वाटते. नवखा शोधक आनंदाने खणतो आणि हाती खापर येते. मल्टी फ्रिक्वेन्सीच्या यंत्रावर हा भास कमी होतो, पूर्णपणे जात नाही. पडक्या घरांच्या जागी ज्यांना काम करावयाचे असते, त्यांना दुसऱ्या यंत्राचा खरा लाभ मी येथे पाहिला आहे : एका यंत्राने संशयित जागा शोधावी, आणि खणण्यापूर्वी दुसऱ्या प्रकारच्या यंत्राने ती पडताळावी. दोन निराळ्या पद्धतींची यंत्रे एकाच जागी एकच साक्ष देत असतील, तर कुदळ उचलण्यास हरकत नाही.

दुप्पट किमतीचे यंत्र घेतले तर दुप्पट खोल दिसेल का?

नाही. हा गैरसमज सर्वांत महागात पडणारा आहे, म्हणून त्याचे कारण समजून घ्यावे. कॉइलपासून लांब जावे तसे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते. वस्तूकडून परत येणारे क्षेत्रही तशाच वेगाने क्षीण होते. म्हणजे जाऊन-येऊन लहान वस्तूचा संकेत अंतराच्या सहाव्या घाताने कमी होतो. दुप्पट खोलीवरचे तेच नाणे कॉइलपर्यंत चौसष्टपट क्षीण संकेत पाठवते. चौसष्टपट अधिक संवेदनशील यंत्र कोणीही विकत नाही, कारण तेवढ्या संवेदनशीलतेला मातीचा आणि विजेच्या तारांचाच गोंगाट आधी ऐकू येईल.

व्यवहारात २८ सेंटीमीटरच्या कॉइलने नाण्याएवढी वस्तू चांगल्या जमिनीत वीस-पंचवीस सेंटीमीटरपर्यंत ऐकू येते. जांभ्याच्या जमिनीत हा अंदाज बराच खाली आणावा. ‘आमचे यंत्र दहा फूट खाली दाखवते’ असे म्हणणारा विक्रेता बहुधा जमिनीखालच्या पत्र्याच्या मोठ्या टाकीविषयी बोलत असतो, आणि ऐकणारा मनात मोहरांचा हंडा पाहत असतो.

मोठ्या, खोल वस्तूंसाठी टू-बॉक्स नावाचा निराळा प्रकार आहे. त्यात लांब दांडीच्या एका टोकास प्रक्षेपक आणि दुसऱ्या टोकास ग्राहक असतो. त्याला नाणे किंवा अंगठी दिसतच नाही, दिसते ती पाण्याची लोखंडी पाइपलाइन किंवा गाडलेले झाकण. नळजोडणीचे काम करणाऱ्यांना ते उपयोगी पडते, दागिने शोधणाऱ्यांना नाही.

सोने आणि गुटख्याची पुडी यांतला फरक यंत्राला कळतो का?

भरवशाने कळत नाही. पडद्यावर दिसणारा आकडा वस्तूच्या वाहकतेवर आणि आकारावर ठरतो, आणि बारीक सोन्याचा आकडा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या आकड्याशेजारीच येतो. औषधांच्या गोळ्यांचे वेष्टन, चांदीच्या वर्खासारखी चमकणारी पुडी, बाटलीचे झाकण हे सारे त्याच पट्ट्यात मोडतात. ज्याने ‘कचऱ्याचे आकडे’ गाळून टाकले, त्याने त्यासोबत सोनेही गाळले. सध्याची पोलादी रुपया-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटतात, त्यामुळे लोखंड गाळणाऱ्या यंत्रावर तीही विचित्र वागतात.

दागिन्याची घडणही येथे महत्त्वाची ठरते. अखंड वर्तुळाची अंगठी मोठ्याने बोलते. जोडवे मात्र एका जागी उघडे असते, त्यामुळे त्यात प्रवाह पूर्ण फिरत नाही आणि ते त्याच वजनाच्या अंगठीपेक्षा क्षीण ऐकू येते. बारीक साखळीची प्रत्येक कडी यंत्राला जणू सुटी भासते, म्हणून लांबलचक सोनसाखळीही कधी कधी यंत्राखालून निसटते. मंगळसूत्रातील काळे मणी काचेचे असल्यामुळे ते दिसतच नाहीत, दिसतात त्या वाट्या. म्हणून मंगळसूत्र शोधताना मी वाट्यांचा आवाज ऐकत फिरतो आणि त्या सापडल्यावर भोवतालची माती चाळणीने चाळतो.

माझे दुसरे यंत्र अधिक फ्रिक्वेन्सीचे आणि लहान कॉइलचे आहे ते याच कारणासाठी. त्याचे काम वहीत असे लिहिले आहे : ‘नथीचा फासा, कुडीचे मळसूत्र, तुटलेल्या साखळीचा तुकडा.’

पाण्यासाठी वेगळे यंत्र घ्यावे का?

घाटावर आंघोळ करताना अंगठी गेली, अशा हाका घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, दूधगंगा या सर्व नद्यांच्या काठांवरून येतात. गोड्या पाण्यात जलरोधक असे कोणतेही चांगले यंत्र चालते. मात्र फक्त कॉइल जलरोधक आहे की संपूर्ण यंत्र, आणि किती मीटरपर्यंत, हे माहितीपुस्तिकेत नीट वाचावे. पावसाळी फुगलेल्या नदीत कोणत्याही दागिन्यासाठी उतरू नये.

समुद्राचे प्रकरण निराळे आहे. कारवार किंवा गोव्याच्या ओल्या वाळूत मीठ स्वतःच वीज वाहते, त्यामुळे सिंगल फ्रिक्वेन्सीचे यंत्र तेथे गोंधळते. मल्टी फ्रिक्वेन्सी किंवा पल्स इंडक्शन तेथे टिकते. वर्षातून एकदा कारवारला जाणाऱ्याने केवळ त्यासाठी पल्स यंत्र घेऊ नये.

दोघेजण दोन यंत्रे घेऊन एकाच शेतात काम करू शकतात का?

करू शकतात, पण दोन्ही यंत्रे जवळच्या फ्रिक्वेन्सीवर असतील तर एकमेकांचा आवाज उचलतात. दहा-पंधरा मीटरचे अंतर ठेवावे, आणि यंत्रात नॉइज कॅन्सल किंवा फ्रिक्वेन्सी थोडी सरकवण्याची सोय असेल तर ती काम सुरू करण्यापूर्वी वापरावी. विहिरीवरचा मोटार पंप चालू असेल किंवा डोक्यावरून उच्च दाबाची वीजवाहिनी जात असेल, तर दोष सोबत्याच्या यंत्राला देऊ नये. थ्री-फेजची वीज कोणत्या वेळी असते हे शेतकऱ्याला विचारून वीज नसलेल्या वेळी काम करणे हा साधा उपाय मी नेहमी करतो.

भोवतालच्या धातूकडे लक्ष न दिल्यास काय होते, याचे जुने उदाहरण १८८१ चे आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युत यंत्र बनवून आणले. ते गोळीचा ठाव लावू शकले नाही, आणि त्यामागच्या कारणांत रुग्णाच्या गादीखालील धातूच्या स्प्रिंगांचा उल्लेख केला जातो. यंत्र हाती घेताना पायात लोखंडी टाचांचे बूट आणि खांद्यावर फावडे असलेल्या शोधकाने हे ध्यानात घ्यावे.

एकाच बनावटीची दोन यंत्रे ठेवावीत का?

मी ती चूक केली आहे. पहिल्या यंत्रावर प्रेम बसल्यामुळे त्याच कंपनीचे, थोडे मोठ्या किमतीचे, पण त्याच पद्धतीचे आणि जवळजवळ त्याच फ्रिक्वेन्सीचे यंत्र मी आणले. जेथे पहिले अडत होते तेथेच दुसरेही अडले. पुढे ते माझ्या भाच्याच्या हाती गेले, आणि आज आम्ही दोघे मिळून शेत लवकर उरकतो, एवढाच त्याचा उपयोग झाला. राखीव यंत्र म्हणून दुसरे हवे असेल तर साधे, कमी किमतीचे, बाजारात मिळणाऱ्या सुट्या सेलवर चालणारे घ्यावे. चार्जिंगचे मुख्य यंत्र गावापासून दूर बंद पडले तर ते कामास येते.

गुप्तधन शोधण्यासाठी कोणते यंत्र चांगले?

हा प्रश्न सर्वांत अधिक येतो, बहुधा रात्री फोनवर येतो आणि त्यासोबत वाट्याचा प्रस्तावही असतो. अशा कामास मी जात नाही आणि त्यासाठी यंत्रही सुचवत नाही. कारण भीती नसून कायदा आणि इतिहास या दोहोंविषयीची आस्था हे आहे.

सीमेच्या दोन्ही बाजूंस जमिनीत सापडलेल्या निधीसाठी कायदे आहेत. महाराष्ट्राच्या बाजूस १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आहे. कर्नाटकात १९६२ चा राज्याचा स्वतःचा निखात निधी कायदा आहे. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडताच, तो काय आहे, कोठे आणि कोणत्या दिवशी सापडला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. त्यानंतर जाहीर सूचना निघते, हक्क सांगणाऱ्यांना मुदत मिळते आणि चौकशी होते. निधीला धनी कोणी नाही असे ठरले, तर शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटणी कशी व्हावी हेही त्या कायद्यात सांगितले आहे. न कळवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे गुपचूप वाटून घेण्याचा बेत हाच गुन्हा ठरतो, आणि उघडपणे कळवणाऱ्यास कायद्याने जागा ठेवली आहे.

शंभर वर्षांहून जुने नाणे, मूर्ती किंवा भांडे हे १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाच्या कक्षेत येते. परवान्याशिवाय अशा वस्तूंचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ‘मुंबईत गिऱ्हाईक तयार आहे’ असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे.

अमावास्या, मांत्रिक आणि बळी यांचे बोलणे जेथे निघते, तेथून तत्काळ उठावे. धनाच्या शोधासाठी केलेले अघोरी कृत्य महाराष्ट्रातील २०१३ च्या आणि कर्नाटकातील २०१७ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. अशा बोलण्यात लहान मुलाचा उल्लेख आला तर क्षणाचाही विलंब न लावता पोलिसांना कळवावे.

किल्ले, जुनी देवळे आणि जंगल येथे यंत्र नेता येते का?

नेऊ नये. सौंदत्तीचे रट्ट, गोव्याचे कदंब, आदिलशाही, मराठे आणि कित्तूर संस्थान या सर्वांच्या खुणा या भूमीवर आहेत. हलशीची कदंबकालीन देवळे, बेळगाव किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर, वडगाव-माधवपूर येथील सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष ही नावे येथील शाळकरी मुलांनाही माहीत असावीत. केंद्राच्या संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा लागू आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकाभोवती १०० मीटरचे प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र आहे. राज्याच्या स्मारकांसाठी कर्नाटकाचा १९६१ चा निराळा कायदा आहे. पुरातत्त्वीय स्थळी उत्खनन करण्यासाठी परवाना लागतो, आणि तो छंदासाठी दिला जात नाही.

नाणे ज्या थरात पडले आहे तो थर त्या नाण्याहून अधिक बोलतो. कोणत्या खापरासोबत, कोणत्या राखेखाली, किती खोलीवर ते होते यावरून त्या वस्तीचा काळ ठरतो. यंत्राच्या आवाजावर खणून काढलेली शिवराई हातात सुंदर दिसते, पण तिची साक्ष कायमची गेलेली असते.

भीमगड अभयारण्यासह खानापूरच्या वनक्षेत्रात वनखात्याच्या परवानगीशिवाय खणण्याचा विचारही करू नये. बेळगावातील लष्करी हद्द ओलांडू नये, आणि कोठेही जुना तोफगोळा किंवा काडतूस दिसल्यास हात न लावता पोलिसांना बोलवावे.

दूरवरून सोन्याची दिशा दाखवणारे यंत्र दुसरे म्हणून घ्यावे का?

घेऊ नये, कारण ते यंत्रच नव्हे. हातात धरलेली फिरती दांडी शेकडो मीटरवरचे सोने दाखवते, असा दावा करणाऱ्या साधनामागे भौतिकशास्त्राचा कोणताही आधार नाही. वर सांगितलेला सहाव्या घाताचा हिशेबच तो दावा मोडून काढतो. अशाच फिरत्या दांडीचे एक साधन बॉम्बशोधक म्हणून इराकला विकल्याबद्दल ब्रिटनमध्ये जेम्स मॅककॉर्मिक या विक्रेत्याला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या साधनाचे मूळ गोल्फचा चेंडू शोधण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या खेळण्यात होते, आणि त्यावर विसंबलेल्या तपासणी नाक्यांवर माणसांचे जीव टांगणीला लागले होते. तांदूळ ओढणारे भांडे, म्हणजे ‘राईस पुलर’, हाही त्याच जातीचा फसवणुकीचा प्रकार आहे. अशांत अडकून पैसे गमावलेल्यांनी लाज न बाळगता तक्रार नोंदवावी.

शेतात दागिना हरवला असेल तर शोध कसा करावा?

यंत्रे बाळगण्याचे सार्थक मला याच कामात वाटते. बेळगावच्या पश्चिम भागात रताळी काढताना आणि भाताची रोपलावण करताना बायकांच्या अंगठ्या, जोडवी आणि मंगळसूत्रे चिखलात जातात. दागिना बहुधा घरातील एकमेव असतो. माझ्या शेजारच्या काकूंची नथ रताळ्याच्या वाफ्यात गेली, तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या. ती तिसऱ्या दिवशी, अधिक फ्रिक्वेन्सीच्या यंत्राने, बोटभर खोलीवर मिळाली. पहिले यंत्र त्याच जागेवरून दोनदा गेले होते आणि गप्प राहिले होते.

हरवल्याचे कळताच त्या जागेत नांगर, रोटाव्हेटर किंवा पाणी सोडू नये. शेवटी दागिना अंगावर कधी पाहिला आणि त्यानंतर काय काय काम झाले, हे शांतपणे आठवावे. यावरून शोधाचे क्षेत्र पाच गुंठ्यांवरून अर्ध्या गुंठ्यावर येते. जमीनमालकाची परवानगी घ्यावी, आणि जमीन कसणारा वेगळा असेल तर त्याचीही. मग दोऱ्या बांधून मीटरभर रुंदीच्या पट्ट्या आखाव्यात, कॉइल जमिनीला समांतर ठेवावी आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवावा. पट्ट्या एकदा पूर्व-पश्चिम आणि एकदा दक्षिण-उत्तर पाहाव्यात. खणणे धरून एका गुंठ्यास तास-दीड तास सहज लागतो. मुख्य यंत्राने मोठ्या वस्तू उचलून जागा साफ करावी, नंतर त्याच जागेवर बारीक वस्तूंचे यंत्र फिरवावे. हा क्रम उलटा केल्यास दुसरे यंत्र खिळ्यांच्या गोंगाटातच थकते. दागिन्याची जोडी घरात असेल, उदाहरणार्थ दुसऱ्या पायाचे जोडवे, तर ते त्याच मातीत पुरून प्रत्येक यंत्राचा आवाज आणि आकडा आधी ऐकून घ्यावा. पुस्तिकेतील कोणत्याही तक्त्याहून ही पाच मिनिटांची चाचणी अधिक शिकवते.

प्रत्येक खड्डा बुजवावा. ठिबकच्या नळ्या कोठे आहेत ते खणण्यापूर्वी विचारावे. सुरुवातीच्या काळात मी एका शेतकऱ्याची नळी तोडली होती. ती त्याच संध्याकाळी स्वखर्चाने बदलून दिली, तरी त्याच्या चेहऱ्यावरची नाराजी मला अजून आठवते.

कोणता हंगाम चांगला?

ओलसर माती संकेताला थोडी अनुकूल असते, पण पावसाळ्यात काळी जमीन पायाला आणि फावड्याला सोडत नाही. उलट जांभ्याची जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते. म्हणून काळ्या रानात सुगीनंतर, आणि तांबड्या रानात पाऊस ओसरल्यावर लगेच काम करावे.

अनेक यंत्रांची निगा कशी राखावी?

खानापूर, कणकुंबीच्या बाजूस पावसाळ्यात घरातील चामडेही बुरसते, तेथे यंत्राच्या जोडपिना हिरव्या पडण्यास वेळ लागत नाही. काम झाल्यावर कॉइलचे आवरण काढून आतील माती धुवावी, कारण तांबड्या मातीचा थर आत साचला की यंत्र स्वतःच्याच मातीचा आवाज ऐकते. सुटे सेल काढून ठेवावेत. लिथियम बॅटरी पूर्ण उतरलेल्या स्थितीत महिनोन्महिने ठेवू नये. न वापरलेले यंत्रही महिन्यातून एकदा सुरू करून ठरावीक नाण्यावर तपासावे. ज्या यंत्राची ही तपासणी करण्याचा सलग वर्षभर कंटाळा आला, ते विकून टाकावे.

शोधत होतो ते सापडले नाही, पण दुसरेच काही निघाले. आता?

लोकांच्या शेतात अलीकडचा दागिना शोधताना भोकाचा पैसा, कंपनी सरकारचे पाव आण्याचे नाणे किंवा बैलाच्या पत्रीचे तुकडे निघतच असतात. सुटे, ओळखीचे नाणे प्रथम जमीनमालकाच्या हाती द्यावे आणि ते कायद्याच्या कक्षेत येते का हे तहसीलदार कार्यालयात विचारावे. मात्र एकाच खड्ड्यात एकाहून अधिक जुनी नाणी, मडक्याचे तोंड, मूर्ती किंवा ताम्रपट दिसल्यास त्याच क्षणी हात थांबवावा. वस्तू बाहेर काढू नये, घासू नये, धुऊ नये. मोबाइलवर जागेची छायाचित्रे घ्यावीत, खड्ड्यावर हलके आच्छादन घालावे आणि मालकाला सोबत घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज करावा. अर्ज कन्नडमध्ये लिहिता येत नसेल तर गावातील जाणत्या माणसाकडून लिहून घ्यावा, म्हणजे त्याची कार्यवाही भाषेसाठी अडत नाही. त्यात तारीख, शेताचा सर्व्हे क्रमांक, सोबत असलेल्यांची नावे आणि कोणते यंत्र वापरले हे नमूद करून पोहोच घ्यावी. मी अर्जाच्या दोन प्रती करतो : एक जमीनमालकाजवळ राहते आणि दुसरी यंत्राच्या पिशवीत.